कच्चा दुवा

बायकोच्या कानात कापूस होता. रविवारची दुपार, जेवणं उरकलेली, भांडी घासून पालथी घातलेली, ती नेहमीसारखी खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसलेली. वाऱ्यानं तिचे केस जरा बाजूला झाले आणि कानात पांढरं काहीतरी दिसलं. आधी त्याला वाटलं, कान दुखत असेल बिचारीचा. मग तिनं मान वळवली तर दुसऱ्या कानातही तेच. रेकॉर्डवर ठेवायला म्हणून त्यानं सुईचा दांडा उचलला होता, तो तसाच हातात राहिला आणि खाली तबकडी आपली गपचूप गरगरत राहिली. इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर नवराबायकोला एकमेकांची बरीच गुपितं माहीत होतात, काही माहीत असून नसल्यासारखी करावी लागतात. पण कापूस घालायचा, वरून केसांनी झाकायचा आणि समोर बसून हसऱ्या चेहऱ्यानं ऐकायचं, हे त्याला फार लागलं. कधीपासून चाललं होतं हे?

रविवारची ही बैठक त्यांच्या लग्नाइतकीच जुनी. पहिल्या वर्षी दोघांनी मिळून ही रेकॉर्ड घेतली होती. तिच्यात शब्द नाहीत, नुसती वाद्यं, आणि अगदी शेवटी सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि एक लहानशी घंटी वाजते, एकदाच. ती वाजली की बायको उजव्या हाताचं बोट वर करायची आणि नाद विरेपर्यंत वर धरून ठेवायची. विरला की बोट खाली. सुरुवातीला तिनं गंमत म्हणून केलं असेल, पण पुढे भांडण होऊन बोलणं बंद असलं तरी रविवारी बोट वर व्हायचंच. तिच्या माहेरची माणसं म्हणायची, जावई गाण्याचे मोठे शौकीन. खरं तर त्याला गाण्यातलं काही कळत नव्हतं; त्याला आवाज कळायचा. तो लिफ्टच्या कंपनीत तपासनीस होता. लाकडी दांड्याचं एक टोक चालत्या मोटरीवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं, डोळे मिटायचे, आणि आतलं बेअरिंग कुठं खरखरतंय, किती दिवस काढेल, ते सांगायचं. कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणत. मोजमापं दाखवणारी यंत्रं आता आली होती, पण ती कपाटात धूळ खात पडायची, कारण कानसेन आहेत ना. त्यांनी कान लावला म्हणजे झालं. अशा माणसाच्या घरात बायकोनं कापूस घालून बसावं!

"कान दुखतोय का?" त्यानं विचारलं. तिला ऐकू गेलं नाही. त्यानं स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं तशी ती ओशाळली आणि घाईघाईनं दोन्ही बोळे काढून मुठीत लपवले.

"नाही हो. उगाच आपलं."

"उगाच कोण कापूस घालतं?"

"तुम्हाला राग येईल."

"नाही येणार," तो रागानं म्हणाला.

"टोचतं हो फार. तो नवा अ‍ॅम्प्लिफायर आणलात ना, तेव्हापासून तर अगदी दाभण घातल्यासारखं. ते बारीक बारीक आवाज आहेत ना वरचे, ते. पूर्वी नव्हतं असं. पण तुम्ही इतक्या हौसेनं सगळं आणता, म्हटलं आपण कशाला विरजण घालावं."

टोचतं? त्याला वाटलं, ही थट्टा करते आहे. कारण त्याला हल्ली ती रेकॉर्ड उशीखाली रेडिओ ठेवून ऐकावा तशी ऐकू यायची. गेल्या वर्षी कधीतरी हे सुरू झालं होतं. सगळं होतं तिथंच होतं, ढोल होता, तारा होत्या, पण वरची झळाळी गेली होती, घासायचं राहून गेलेल्या पितळेसारखी. आणि घंटी तर नीट येईचना. तिची जागा यायची, सगळी वाद्यं थांबायची, बायकोचं बोट वर व्हायचं, आणि त्या बोटाकडे बघताना त्याला वाटायचं की हां, वाजली, पुसट, पण वाजली. हे चालायचं नाही, असं त्यानं ठरवलं आणि बाजारातल्या त्या दुकानात जायला लागला. दुकानदाराला सगळी गिऱ्हाइकं डॉक्टर म्हणायची, कारण तो आधी लक्षणं विचारायचा. डॉक्टरांचं एकच पालुपद होतं: साखळीतला कच्चा दुवा शोधा, कानसेन, तो बदलला की बाकीचं आपोआप सुधारतं. आधी सुई कच्ची ठरली. ती बदलली, आठवडाभर बरं वाटलं. मग अ‍ॅम्प्लिफायर कच्चा ठरला. नवा आला, त्याचं वरच्या आवाजाचं बटन दर रविवारी उजवीकडे सरकत सरकत आता पार टोकाला जाऊन टेकलं होतं. आता प्रश्न होता स्पीकर बदलायचे की तबकडी फिरवणारं यंत्रच. आठवडाभर तो कामावर, जेवताना, दात घासताना हेच घोळवत होता. यंत्र बदललं आणि स्पीकरच कच्चे निघाले तर? स्पीकर आणले आणि दोष मधल्या वायरीत असला तर? डॉक्टरांनी परवा दुकानात एक जोडी वाजवून दाखवली होती. मुळमुळीत आहेत, तो म्हणाला होता. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं त्याच वेळी तोंड वेडंवाकडं करून दोन पावलं मागे घेतली होती. त्याचं त्याला तेव्हा हसू आलं होतं, म्हणजे असतात असे एकेक नाजूक जीव. आता ते तोंड एकाएकी आठवलं आणि तितकंसं हसू आलं नाही.

त्यानं सुई जागेवर ठेवून दिली. रेकॉर्ड लावलीच नाही. "स्पीकरच बदलायला हवेत," तो म्हणाला, "तेच किरकिरे असणार, म्हणून तुला टोचतं आणि मला पोचत नाही." हे बोलताना त्याला स्वतःलाच त्यातली गाठ जाणवली, पण ती सोडवायला घ्यावीशी वाटली नाही. एकच आवाज एका माणसाला जास्त आणि दुसऱ्याला कमी, तर दोष स्पीकरचा कसा? असला प्रश्न मनात आला की माणूस आधी दुसरीकडे बघतो. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या कठड्यावर पाखरं बसली होती, चोची उघडत होती, मिटत होती. त्याला आपला बाप आठवला. म्हातारपणी बाप जेवताना सगळ्यांच्या तोंडांकडे बघत बसायचा. कुणी विनोद केला, सगळे हसले, की मग क्षणभरानं बाप हसायचा, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. त्या क्षणभराची पोरांनी किती टिंगल केली होती. कुणी काही म्हटलं तर बाप चिडून म्हणायचा, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. गेल्याच आठवड्यात कचेरीतल्या बैठकीतून घरी येऊन आपण बायकोला काय सांगितलं? नवीन साहेब तोंडातल्या तोंडात बोलतो. बायको तेव्हा भाजी निवडत होती. तिनं मान वर केली होती, काहीतरी बोलणार होती, आणि मग पुन्हा खाली घातली होती.

"एक विचारू?" बायको म्हणाली. तिच्या आवाजात समेटाचा सूर होता. विषय बदलून वातावरण निवळावं म्हणून बायका काढतात तसा तिनं साधासा विषय काढला. "आवाजातलं मला काय कळतंय म्हणा, पण आपली लिफ्ट नाही का तुमच्याच कंपनीकडे?"

"मग? मीच बघतो ती."

"तेच म्हणते. हल्ली वर जाताना चिमणीसारखी करते. आधी नुसती चिवचिव करायची, आता आठदहा दिवस झाले, ओरडतेच. खालच्या वहिनी म्हणत होत्या, तुमचे हे सकाळ-संध्याकाळ तिच्यातून जातात, त्यांना कसं नाही कळत? मी म्हटलं, त्यांना कळलं नाही असं होईल का, काहीतरी कारण असेल."

"तसलं काही नाही. लोण्यासारखी चालते," तो म्हणाला. शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याला वाटलं, हे मी आधी कुणाला तरी म्हणालो आहे.

हवालदाराला. त्याच्याबरोबर कामावर असणारा जोडीदार, पोट पुढे काढून रुबाबात चालायचा म्हणून त्याचं नाव हवालदार. परवा दोघं दवाखान्याच्या इमारतीत होते, जिथली लिफ्ट आजाऱ्यांना खाटेसकट वर नेते. मोटर चालू होती, त्यानं दांडा लावला होता, डोळे मिटले होते, आणि आत इतकी सुंदर शांतता होती की त्याला स्वतःचा अभिमान वाटला होता. हवालदार म्हणाला, "कानसेन, जरा पुन्हा ऐका बरं. वरच्या अंगाला काहीतरी चिरचिरतंय." तो म्हणाला, "कान वाजतायत तुझे. लोण्यासारखी चाललीय." हवालदार दांड्याकडे बघत राहिला होता, मग म्हणाला होता, "तुम्ही म्हणता म्हणजे असेल." एवढंच. पण आता त्याला त्या शांततेची आठवण नकोशी झाली, कारण ती नुसती दवाखान्यातली नव्हती. गेलं वर्षभर तो जिथं जिथं दांडा लावत होता तिथं तिथं ती होती. आणि ती कुठून आली याचं उत्तर त्यानं स्वतःच सगळ्यांना देऊन ठेवलं होतं: पिवळ्या ग्रीसमुळे. गेल्या वर्षी एका विक्रेत्यानं नव्या पिवळ्या ग्रीसचा डबा नमुना म्हणून आणून दिला होता. त्यानं तो पहिल्यांदा वापरला तो इथंच, आपल्या इमारतीत. वर जाऊन दांडा लावला तर जुनी किरकिर पार गेलेली. दुसऱ्या इमारतीत वापरला, तिथंही तेच. तो हरखला. साहेबांसमोर त्यानं छातीठोकपणे सांगितलं की असं ग्रीस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही, मशिनं मुकी होतात. साहेब म्हणाले, कानसेन म्हणतात तर घालून टाका सगळीकडे. आणि सगळीकडे घातलं. बेअरिंग बदलायचं ठरलेल्या लिफ्टसुद्धा, कशाला बदलायचं, आवाजच नाही, म्हणून तशाच ठेवल्या.

तो खुर्चीत बसला. घरी जे हरवलं म्हणून तो सुई बदलत होता, अ‍ॅम्प्लिफायर बदलत होता, तेच कामावरही हरवलं, तर त्याचं श्रेय त्यानं ग्रीसला दिलं होतं. घरची ती तक्रार आणि कामावरचं ते कौतुक, दोन्ही एकाच वर्षी, एकाच माणसाचं. अ‍ॅम्प्लिफायर घरी आला त्या दिवशी बायको हसून म्हणाली होती, दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं नको व्हायला. तोही हसला होता. तिनं बोलायच्या ओघात म्हटलं होतं की मुद्दाम? आता तिच्याकडे बघायची त्याला भीती वाटली. भीती आधी तिची वाटली, मग बापाची, आणि मग एकदम त्या सगळ्या लोखंडी डब्यांची, जे या क्षणी शहरभर माणसं पोटात घेऊन वरखाली करत होते.

"कापूस टाकून दे," तो म्हणाला. "एकदाच ऐकू. बटनं होती तिथं आणतो."

त्यानं वरच्या आवाजाचं बटन मधोमध आणलं, जिथं ते पूर्वी वर्षानुवर्षं असायचं, सुई ठेवली आणि समोर बसून डोळे मिटले. रविवारी तो कधी डोळे मिटत नसे. तिच्याकडे बघण्यात अर्धी मजा होती. आता अंधारात एकेक वाद्य आलं आणि गेलं. त्याला सगळं ओळखीचं वाटत होतं, आणि तरी नक्की ऐकतोय किती आणि आठवतोय किती हे सांगता येईना, कारण इतक्या वर्षांत ती रेकॉर्ड त्याच्या डोक्यातच वाजत होती. डोक्यातल्या रेकॉर्डला कसली सुई आणि कसले स्पीकर. मग शेवट आला. सगळी वाद्यं थांबली. तो थांबला. श्वास धरून बसला. काही नाही. अजून आली नसेल, तो मनाशी म्हणाला, अजून आली नसेल, मी लवकर धरला श्वास. मग त्याला राहवलं नाही, त्यानं डोळे उघडले, तर बायकोचं बोट वर होतं. ती त्याच्याकडे बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बोट हळूहळू खाली येत होतं. तिला माहीत होतं. कधीपासून, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला आणि दाराजवळच्या पिशवीतून त्यानं दांडा काढला.

"कुठं?"

"वर. मशीनच्या खोलीत."

दारात येऊन तिनं सवयीनं लिफ्टच्या बटनाकडे हात नेला. "नको," तो म्हणाला, "जिन्यानं जाऊ." तिनं हात मागे घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या एका शब्दात त्यानं सगळं कबूल केलं होतं. तिचे गुडघे दुखत होते, ती कठड्याला धरून चढत होती. शिकाऊ असताना, काम शिकवणाऱ्या वस्तादानं त्याला हा दांडा दिला होता, त्याची टोकं हातानं गुळगुळीत झाली होती. वस्ताद म्हणायचा, मशीन थापा मारत नाही, बाकी कुणाचा भरवसा धरू नको. बाकी कुणात आपणही येतो, हे वस्तादानं सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नव्हतं, तो आठवू लागला.

मशीनची खोली म्हणजे गच्चीवरची एक कोंदट पेटी. तेलाचा वास, मोटर, दोरांची मोठी चाकी, ब्रेकची दांडी, वीज नसताना लिफ्ट हातानं सरकवायचं चाक, भिंतीवर स्विच. बेअरिंगच्या कडेला पिवळं ग्रीस ओघळून वाळलं होतं, मध्ये काळ्या रेघा दिसत होत्या. त्या त्याला याआधीही दिसल्या असतील. डोळ्यांनी बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. त्यानं दांड्याचं टोक बेअरिंगवर टेकवलं आणि दुसरं बायकोच्या कानामागं, केस बाजूला करून, हाडाला लावलं. इतक्या वर्षांत हे काम त्यानं तिला कधी दाखवलं नव्हतं. खालून कुणीतरी बटन दाबलं असावं, मोटर घरघरत सुरू झाली, दोर सरकू लागले. ती घरघर त्याला चांगली ऐकू आली, जाड, ओळखीची. त्या घरघरीच्या वर त्याला काही नव्हतं. बायकोचा चेहरा मात्र आक्रसला. तिनं डोळे घट्ट मिटले, ओठ दाबले, आणि मग एकदम दांडा झिडकारून मागे सरली.

"अगं, काय झालं?"

"दगडावर सुरी घासतंय कुणीतरी," ती म्हणाली. "आणि मध्येच काहीतरी तुटल्यासारखं. बंद करा हो. बंद करा आधी!"

त्यानं झेप घेऊन स्विच ओढला. मोटर थांबली, ब्रेक धाडकन बसला, दोर थरथरले आणि स्थिर झाले. तो भिंतीला टेकून उभा राहिला. आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटत होतं, निदान ही एक तरी बंद झाली. "हे एकाच लिफ्टचं नाही," तो म्हणाला. आपला आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "मी सगळ्यांत तेच ग्रीस घालायला लावलं. सगळ्या मी पास केल्या. दवाखान्यातली पण. हवालदार सांगत होता मला."

"सगळ्या म्हणजे?"

"सगळ्या."

"मग त्याला फोन करा की आत्ता. सगळ्या बंद करायला सांगा."

"करतो," तो म्हणाला आणि खिशात हात घातला. फोन खाली घरातच राहिला होता, स्पीकरच्या खोक्यावर ठेवलेला. फोन केल्यावर काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची? हवालदारा, तू म्हणत होतास ना. आणि उद्यापासून कानसेन कुणाला म्हणायचं? एवढ्या घाईतही त्याला हा विचार शिवला आणि स्वतःची लाज वाटली. तो दाराकडे वळला तसा बायकोनं त्याचा दंड धरला. ती दोर जिथून खाली जात होते त्या फटीकडे मान कलती करून उभी होती.

"थांबा," ती म्हणाली. "आत कुणीतरी आहे. घंटी वाजवतंय."

तो थांबला. लिफ्टमध्ये अडकलेल्यानं दाबायची ती बारीक घंटी, नव्या पद्धतीची, जुन्या घणघणणाऱ्या घंटा काढून त्यांच्याच कंपनीनं बसवलेली. चालत्या लिफ्टची वीज वरून कधी तोडायची नसते, आधी आत कोण आहे बघायचं असतं, हे तो नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवायचा. त्यानं फटीशी वाकून कान लावला. काळोखातून गार हवा वर येत होती. त्याला आपल्या छातीचे ठोके ऐकू आले, खूप खाली कुणाच्या तरी दाराचा धप्प आवाज आला, आणि बाकी काही नाही. वर्षभर ज्या शांततेचं त्यानं कौतुक केलं होतं ती त्या खोल काळोखात ठासून भरली होती.

"मोठ्यानं वाजतेय का?"

"एकसारखी," ती म्हणाली. "कोण असेल हो?"

"ती दांडी दाबून धर, म्हणजे ब्रेक सुटा राहील. सोडू नको, मी सांगेपर्यंत सोडू नको." त्यानं तिचा डावा हात ब्रेकच्या दांडीवर ठेवला, आपला हात वर ठेवून ती दाबायला लावली, आणि हातानं फिरवायचं मोठं चाक दोन्ही हातांनी धरलं. एक मजला खाली घ्यायची, दार उघडायचं, माणसाला बाहेर काढायचं, मग फोन, मग बाकीच्या. चाक फिरलं आणि त्याच्या तळहातांना कळलं. आत रेती होती, कण कण, खडे, चाक दर वितीला अडत होतं, आणि मग खाली कुठंतरी निसटल्यासारखं सैल होत होतं. कानांनी वर्षभर जे सांगितलं नाही ते हातांनी एका फेरीत सांगितलं. त्यानं दात आवळून आणखी एक फेरी घेतली. दोर कण्हल्यासारखे हलले, म्हणजे हलताना दिसले.

"घंटी थांबली का?" त्यानं विचारलं.

ती काही बोलली असेल, पण तिची पाठ त्याच्याकडे होती, तोंड दिसत नव्हतं. "थांबली का गं?" तो ओरडला. तेव्हा तिनं, डाव्या हातानं दांडी तशीच दाबून धरून, उजव्या हाताचं बोट वर केलं, रविवारसारखं. तो चाक धरून त्या बोटाकडे बघत राहिला, ते खाली यायची वाट बघत राहिला. बोट खाली येत नव्हतं.